वाचनालयात वागायचं कसं? काउंटरच्या आतल्या बाजूने थोडं सांगते

आमच्या वाचनालयाच्या दारात एक निळी पाटी आहे, त्यावर पांढऱ्या अक्षरात सात नियम आणि सातही "नये"वर संपणारे. मोठ्याने बोलू नये, पुस्तकात खुणा करू नयेत, भिंतीवर थुंकू नये वगैरे. ती पाटी मी लहानपणापासून बघतेय. पण गेली सहा वर्षं आठवड्यातून दोन संध्याकाळी काउंटरच्या आत बसायला लागले (पगार नाही, हौस) तेव्हापासून एक कळलंय, की वाचनालयात ज्या गोष्टींवरून खरी भांडणं होतात त्यातल्या अर्ध्याअधिक त्या पाटीवर नाहीतच. शब्दकोडं कोणी भरलं, पंखा कोणी बंद केला, माझी जागा कोणी घेतली, नवीन कादंबरी नाटकांच्या कपाटात कोणी लपवली. म्हणून हे लिहितेय, नवीन येणाऱ्यांसाठी. जुन्यांनी पण वाचायला हरकत नाही, उलट जुन्यांनीच वाचा.

पहिलं म्हणजे आत यायला बिचकू नका. कितीतरी लोक दारातून डोकावून परत जातात कारण त्यांना वाटतं सभासद नाही म्हणजे आत जाता येत नाही. आपल्याकडे १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली मान्यता आणि अनुदान मिळालेली जी वाचनालयं आहेत (अ, ब, क, ड असे वर्ग असतात त्यांचे, पाटीवर लिहिलेलं दिसेल) तिथे पेपर आणि मासिकं बसून वाचायला कोणीही येऊ शकतं, पैसे पडत नाहीत. दाराशी एक रजिस्टर असतं त्यात नाव, वेळ लिहून सही करा. लोक ती सही टाळतात, "मी काय पाच मिनिटं बसणार" म्हणतात. अहो पण वर्षातून एकदा तपासणीला साहेब येतात तेव्हा ते रजिस्टरच बघतात ना, रोज चाळीस लोक येऊन सही अकराच जणांची असेल तर आम्ही काय दाखवायचं? तुमची सही म्हणजे वाचनालयाला फुकटात केलेली मदत आहे.

घरी पुस्तक न्यायचं तर मात्र सभासद व्हावं लागतं. अनामत रक्कम आणि महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी, आकडे गावागणिक वेगळे. आधार कार्डाची झेरॉक्स आणि फोटो बरोबर घेऊन या म्हणजे दोन खेपा होत नाहीत. अनामतीची पावती जपून ठेवा, मोबाइलमध्ये तिचा फोटो काढून ठेवा. आमच्याकडे एक काका २२ वर्षांनी पावती घेऊन आले होते, लॅमिनेट केलेली! त्यांना पैसे दोन मिनिटांत परत मिळाले आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या एका बाई पावती नसल्यामुळे पाऊण तास वाद घालून गेल्या. वेळापत्रक पण विचारून घ्या, बरीच वाचनालयं दुपारी बंद असतात आणि साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असं नाही. दुपारी दोन वाजता बंद दारासमोर उभं राहून फोन करू नका, तेव्हा ग्रंथपाल ताई जेवत असतात.

काउंटरवरच्या माणसाला हाक काय मारायची? ताई, मॅडम, सर, काका, काहीही चालेल. "शुक शुक" चालणार नाही आणि काउंटरवर किल्ली आपटून टकटक तर अजिबातच नाही.

पेपरवाला कोपरा

सकाळचे पहिले दोन तास इथली गर्दी बघण्यासारखी असते, रिटायर्ड मंडळी, बाजाराला आलेले, एसटीची वाट बघणारे, आणि प्रत्येकाला तोच एक पेपर हवा असतो. नियम साधा आहे, एका वेळी एकच पेपर घ्यायचा. एक वाचायला, एक मांडीवर आणि एक कुल्ल्याखाली राखून ठेवलेला असं करायचं नाही (हसू नका, दर आठवड्याला हे होतं). आतली पानं सुटी करून चार जणांत वाटली तर वाटली, पण शेवटी ज्याच्या हातात पहिलं पान त्याने सगळी पानं क्रमाने लावून, पुरवणी आत घालून ठेवायचा. वाचताना दोन्ही हात पसरून पेपर फडफडवत उलटू नका, शेजारच्याच्या तोंडावर येतो. टेबलावर ठेवून वाचा की.

शब्दकोडं. हा विषय आमच्याकडे इतका तापला होता की कार्यकारिणीच्या बैठकीत आला होता. पेनाने भरायचं नाही. पेन्सिलीने पण नाही, कारण खोडायला कोण बसणार. वहीत चौकटी काढून घ्या किंवा फोटो काढून घरी सोडवा. तसंच नोकरीची जाहिरात, वधू-वर, रेसिपी, निविदा, जे काय हवं असेल त्याचा मोबाइलवर फोटो काढायचा, फाडायचं नाही. पूर्वी लोकांना फाडताना निदान खोकायला तरी लागायचं आवाज लपवायला, आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे तरी फाडतात. खरंच कात्रणच हवं असेल तर नाव सांगून ठेवा, पेपर रद्दीत जाण्याआधी आम्ही तो बाजूला काढून देतो, कोणी विचारतच नाही.

फोन सायलेंटवर ठेवा हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे, की लाकडी टेबलावर व्हायब्रेट होणारा फोन रिंगटोनपेक्षा जास्त त्रास देतो, तो गुरगुरत गुरगुरत कडेपर्यंत जातो आणि सगळे त्याच्याकडेच बघत बसतात. खिशात ठेवा. आणि फोन आलाच तर उठून बाहेर जाऊन उचला, खुर्चीत बसल्याबसल्या "हॅलो, हां, लायब्ररीत आहे, बोलता येणार नाही, हो हो, नाही लायब्ररीत, लाय-ब्र-री" असं करू नका. राजकारणावर चर्चा बाहेरच्या कट्ट्यावर, तिथे चहा पण मिळतो.

कपाटांमधून फिरताना

काही वाचनालयांत अजून बंद कपाटं असतात, म्हणजे चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं आणि आतून पुस्तक येतं. तिथे चिठ्ठीवर चार-पाच नावं लिहा, एकच लिहिलंत आणि ते बाहेर गेलेलं असलं तर तुमचाही हेलपाटा आणि शिपाईमामांचाही. पण हल्ली बऱ्याच ठिकाणी मुक्तद्वार पद्धत आहे, स्वतः कपाटापाशी जाऊन बघायचं. पिशवी, छत्री, हेल्मेट काउंटरपाशी ठेवून आत जायचं. यात तुमच्यावर संशय नसतो, निदान पहिल्या दिवशी तरी नसतो. पैसे आणि फोन तेवढे जवळ ठेवा.

पुस्तक काढायचं कसं हेही सांगते कारण नव्वद टक्के लोक चुकीचं काढतात. कण्याच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढायचं नाही. जुनी बांधणी असली की तो वरचा कापडी तुकडा हातातच येतो. डावी-उजवीकडची दोन पुस्तकं बोटांनी जरा आत ढकला, मग मधलं पुस्तक मधोमध धरून बाहेर घ्या. वरच्या खणातलं हवं असेल तर स्टूल मागा, खालच्या खणावर पाय देऊन चढू नका.

आणि हा सगळ्यात महत्त्वाचा, लोकांना पटत नाही असा नियम: काढलेलं पुस्तक नको असेल तर परत कपाटात ठेवू नका. टेबलावर ठेवा. हो, खरंच. तुम्हाला वाटतं आपण मदत करतोय, पण तुम्ही ते एक खण सोडून ठेवता आणि मग ते पुस्तक असूनही नसल्यासारखं होतं. प्रत्येक पुस्तकाला दाखलांक (वाचनालयाच्या नोंदवहीतला त्याचा नंबर) असतो, विषयाचा क्रमांक असतो, ड्यूई पद्धतीत (विषयांना आकडे देऊन पुस्तकं लावायची पद्धत) मराठी साहित्य ८९१.४६ वर येतं आणि त्यात कादंबरीला पुढे ३ लागतो, काही छोट्या वाचनालयांत आपली साधी "का", "क", "ना", "च" अशी अक्षरं असतात. क्रम कुठलाही असो, तो एकदा बिघडला की ते पुस्तक वर्षाच्या मोजणीपर्यंत सापडत नाही. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन सरांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा आहे वाचकाचा वेळ वाचवा, आणि त्यांचा जन्मदिवस म्हणून १२ ऑगस्टला आपण ग्रंथपाल दिन करतो, हार घालतो, पेढे वाटतो, आणि १३ तारखेला परत चरित्रांच्या खणात पाकशास्त्र सापडतं.

चुकून ठेवणं वेगळं आणि मुद्दाम लपवणं वेगळं. नवीन पुस्तक दिसलं, आज कार्डावरची दोन पुस्तकं आधीच घेऊन झालीत, मग उद्या येईपर्यंत कोणी नेऊ नये म्हणून ते धार्मिक विभागात ग्रंथांच्या मागे आडवं घालून ठेवायचं. आमच्या ताईंना या सगळ्या जागा पाठ आहेत. त्यापेक्षा काउंटरवर नंबर लावा. बहुतेक ठिकाणी एक वही असते, त्यात नाव लिहिलं की पुस्तक आलं की फोन येतो. तसंच जे पुस्तक वाचनालयात नाहीच त्यासाठी मागणी वही असते, लेखक, प्रकाशक नीट लिहा, "ते निळं कव्हर असलेलं, गेल्या रविवारी पुरवणीत आलेलं" असं लिहिलेलं आम्ही कुठून शोधणार.

पुस्तक घरी नेल्यावर

इथे जरा बसून सांगते.

थुंकी लावून पान उलटू नका. किळस हा एक भाग झालाच, पण सारखं ओल्या बोटाने धरून पानाचा खालचा कोपरा काळा आणि मऊ पडतो आणि मग तिथूनच फाटतो. पानाचा कान दुमडू नका. जुना कागद ठिसूळ असतो, दोनदा दुमडला की कोपरा तुटून पडतो. खूण म्हणून काहीही कागदाचं चालेल, एसटीचं तिकीटसुद्धा, पण परत करताना काढून घ्या. परत आलेल्या पुस्तकांत काय काय सापडतं याची मी यादीच करायला घेतली होती: लग्नपत्रिका, औषधाची चिठ्ठी, लाइट बिल, पिंपळाचं जाळीदार पान, मोगऱ्याचा गजरा (याने दोन पानं कायमची तपकिरी), बाळाच्या जावळाचे केस पुडीत बांधलेले, आणि २०१७ मध्ये पाचशेची जुनी नोट. नोटाबंदी झाली २०१६ च्या नोव्हेंबरात! कोणी नवऱ्यापासून लपवून ठेवली होती का सासूपासून ते कळलं नाही, विचारणार तरी कोणाला, शेवटच्या वाचकाची असेलच असं कुठे आहे. ती अजून ताईंच्या ड्रॉवरमध्ये आहे.

समासात लिहायचं नाही. "वा!", "अगदी खरं", "लेखकाला काही कळत नाही" हे तुमचं मत असेल, पण पुढच्याला पुस्तक स्वतःच्या डोक्याने वाचू द्या. रहस्यकथेच्या तिसऱ्या पानावर खुनी कोण ते पेनाने लिहून ठेवणारा एक महाभाग आमच्या गावात आहे. अजून पकडला गेलेला नाही. अक्षर सुंदर आहे त्याचं.

आणि त्या खुणा. जी मंडळी आठवड्याला तीन पुस्तकं वाचतात त्यांना आठवत नाही कुठलं वाचलंय, म्हणून प्रत्येकाचं एक ठरलेलं पान असतं आणि त्यावर ठरलेली खूण. कोणी पान २१ वर फुली करतं, कोणी ५१ वर आकड्याभोवती गोल, कोणी नावाचं आद्याक्षर. आमच्याकडे एका कादंबरीत एकाच पानावर नऊ खुणा मी मोजल्या. मला या आज्यांबद्दल माया आहे, खरंच आहे, पण खुणेसाठी एक छोटी वही करा ना. किंवा कॉम्प्युटरवर नोंद असेल तर ताईंना विचारा, तुम्ही हे नेलं होतं का ते त्या सांगू शकतात. हे सांगून सहा महिने झाले, फरक एवढाच पडलाय की आता खुणा पेन्सिलीने होतात. चालेल, तेवढं तर तेवढं.

पान फाटलं तर सेलोटेप लावू नका. लोक इतक्या प्रेमाने लावून आणतात की ओरडताही येत नाही, पण सेलोटेपचा गोंद काही वर्षांनी पिवळा होतो, कागदात मुरतो, टेप निघून येते आणि अक्षरांवर डाग राहतो. फाटलेला तुकडा तसाच पाकिटात घालून आणून द्या आणि सांगा. आमचे बाइंडर काका मैद्याची खळ करून पातळ कागदाने ते जोडतात, खळीत चिमूटभर मोरचूद घालतात म्हणजे कसर लागत नाही. कसर म्हणजे ते चंदेरी किडे, त्यांना खळ फार आवडते. मोरचूद विषारी असतं म्हणून हे घरी करत बसू नका, आणि हेच अजून एक कारण थुंकी न लावण्याचं!

आम्ही कोकणातले, त्यामुळे पावसाचं सांगायलाच हवं. जून ते सप्टेंबर पुस्तक नेताना प्लास्टिकची पिशवी आणा, कापडी नाही. पुस्तक भिजलंच तर इस्त्री फिरवू नका, उन्हात टाकू नका, गॅसच्या शेगडीपाशी तर मुळीच नको. दर पंधरा-वीस पानांमागे कोरा टिपकागद घाला, नसेल तर टिश्यू पेपर, पुस्तक उभं करून पंख्याखाली ठेवा आणि कागद ओला झाला की बदला. रंगीत छपाईचे वर्तमानपत्राचे कागद मध्ये घालू नका, शाई उतरते. मग वाळलं की आणून द्या आणि आपण होऊन सांगा "भिजलं होतं". सांगितलं तर ताई ते वेगळं ठेवतात. न सांगता कपाटात गेलं तर त्याची बुरशी शेजारच्या चार पुस्तकांना लागते.

हरवलं तर? लपू नका. लोक पुस्तक हरवलं म्हणून वाचनालयात यायचंच बंद करतात, रस्त्यात दिसले की बाजू बदलतात, हे काय? सरळ येऊन सांगा. नवीन प्रत आणून दिली की विषय संपला, नाहीतर किंमत भरायची. पुस्तक आता बाजारात मिळतच नसेल तर कधी कधी किमतीच्या दुप्पट-तिप्पट मागतात आणि ते मला तरी योग्यच वाटतं, कारण १९७२ सालच्या पुस्तकावर छापलेली किंमत सात रुपये असते आणि सात रुपयांत ते पुस्तक काही परत उभं राहत नाही. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पाठवावी लागते, त्यामुळे नंतरचं पुस्तक तिथे सापडायची शक्यता असते, पण ते बघायला मुंबईला जावं लागणार आणि आपल्या कपाटातली जागा रिकामीच राहणार.

चोरी करणाऱ्यांसाठी एकच माहिती. पहिलं पान फाडलं आणि शेवटचं शिक्क्याचं पान फाडलं तरी पुस्तक कोणाचं ते कळतं. प्रत्येक वाचनालयाचं एक ठरलेलं गुप्त पान असतं, सगळ्या पुस्तकांत त्याच नंबरच्या पानावर शिक्का. आमचं कुठलं ते सांगत नाही. रद्दीवाल्याकडे सापडलेली आमची तीन पुस्तकं त्याच्यावरूनच परत आली.

उशीर झाला तर विलंब शुल्क असतं, रोजचं रुपया-दोन रुपये, ते हसत भरून टाका. "मी आजारी होतो" हे खरं असेलही, पण आजारपणातच तर वाचायला वेळ मिळतो ना! फोन करून मुदत वाढवून घ्या, दुसऱ्या कोणाचा नंबर नसेल तर देतात. शेजारणीला परस्पर वाचायला देऊ नका, तिने तिच्या बहिणीला पनवेलला दिलं की आमचं पुस्तक गेलं.

दिवाळी अंकांचा हिशेब वेगळा. १९०९ साली मासिक मनोरंजनचा पहिला दिवाळी अंक निघाला तेव्हापासून आपल्याला हे वेड आहे, आणि वाचनालयात त्याची वेगळी वर्गणी भरून दिवाळीनंतर काही महिने अंक फिरतात. इथे वेग महत्त्वाचा. अंक नेला की दोन-तीन दिवसांत परत. वार्षिक राशिभविष्याची पानं कापून घेऊ नका, तुमच्या राशीत बाकीही लोक आहेत.

अभ्यासिका

हे वेगळंच जग आहे आणि इथले नियम मी नाही, मुलांनीच केलेत. एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती, बँका, काही मुलं सकाळी सातला येतात ती रात्री दहाला जातात. जागा ठरलेली असेल तर प्रश्नच नाही. जिथे ठरलेली नसते तिथे सकाळी एक रुमाल, एक पाण्याची बाटली आणि पॉलिटीचं (राज्यघटनेचं) जाडं पुस्तक टाकून माणूस अंघोळीला घरी जातो, हे चालत नाही. आमच्या पोरांनी ठरवलंय की अर्ध्या तासापेक्षा जास्त जागा रिकामी राहिली तर दुसऱ्याने बसायचं, जेवणाची सुट्टी तेवढी पाऊण तास. सामान बाजूला ठेवायचं, फेकायचं नाही. जेवणाचा डबा बाहेर. विशेषतः सुकट, बोंबील असेल तर खूपच बाहेर.

चार्जिंगचा पॉइंट एक आणि लॅपटॉप सहा, तर एक्स्टेन्शन बोर्ड आणणाऱ्याला पुण्य लागतं. पंख्याचं बटण ज्याच्या डोक्यावर पंखा त्याच्या हातात, हे आमच्याकडे खूप भांडणांनंतर ठरलं. झोप आली तर दहा मिनिटं डोकं टेकायला कोणी ना म्हणत नाही पण घोरायला लागलात तर शेजारचा हलवून उठवणार, तो त्याचा हक्क आहे. ग्रुप डिस्कशन गच्चीत किंवा पायऱ्यांवर. पाठांतर मनातल्या मनात, ओठ हलले तरी चालतील, फुसफुस नको. बॉलपेनचं टिकटिक बटण दाबत विचार करणाऱ्यांना वेगळ्या खोलीत ठेवावं असं माझं वैयक्तिक मत आहे.

टेबलावर करकटकाने नाव कोरू नका. भिंतीवर "पीएसआय" लिहून ठेवू नका, घरी लिहा.

आणि निकालाच्या दिवशीचं एक. यादीत नाव आलं तर आनंद होणारच, ओरडावंसं वाटणारच, पण ते बाहेर. त्याच खोलीत तुमच्याबरोबर तीन-चार वर्षं बसलेला मुलगा त्या दिवशी पण पुस्तक उघडून बसलेला असतो आणि त्याचं नाव नसतं. पेढे काउंटरवर द्या, आम्ही देतो सगळ्यांना, हळूहळू. गेल्या वर्षी एका मुलीचं सिलेक्शन झालं, ती संध्याकाळी आली, आपल्या जागेवरचं सामान आवरलं, तिच्या नोट्सचा गठ्ठा शेजारणीच्या टेबलावर ठेवला आणि काही न बोलता गेली, पेढे दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांनी आणून दिले.

लहान मुलांना घेऊन येणाऱ्यांनो, आणा, बिनधास्त आणा. बालविभागात थोडा आवाज होणारच. दर मिनिटाला "शूऽऽ" करणाऱ्या आईचा आवाज पोरापेक्षा जास्त असतो. हात स्वच्छ असले, कुरकुऱ्यांची पिशवी बाहेर राहिली की झालं. पुस्तक मुलाला निवडू दे, तुम्ही "हे नको, हे संस्काराचं घे" करत बसू नका, पुढच्या वेळी तो येणार नाही.

जुनी आणि संदर्भाची पुस्तकं घरी मिळत नाहीत, तिथेच बसून बघायची. विश्वकोशाच्या खंडावरून भांडण असेल तर सोडून द्या, तो इंटरनेटवर फुकट आहे. पानांचे फोटो काढायचे तर विचारून, फ्लॅश बंद करून. झेरॉक्स मशीनवर जुनं पुस्तक पालथं घालून वरून दाबू नका, कणा मोडतो. स्वतःच्या अभ्यासापुरती चार पानं ठीक आहेत, अख्खं पुस्तक झेरॉक्स करून देणार नाहीत, कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं असतो.

पुस्तकं दान देणाऱ्यांना हात जोडून सांगते, आधी फोन करा. आजोबा गेले की दोन महिन्यांनी टेम्पो येतो, त्यात अर्धी जुनी गाइडं, २००४ ची डायरी, वाळवी लागलेली पोथी आणि क्लासच्या नोट्स, आणि ते उतरवून घेतलं की आमचीच अडगळ. यादी पाठवा, आम्ही हवी ती निवडू. आणि दिलेल्या पुस्तकांवर आजोबांचं नाव टाकून काचेच्या वेगळ्या कपाटात ठेवा असा आग्रह नको. बंद काचेतलं पुस्तक कोण वाचणार?

तक्रार असेल तर ती कुठे करायची हेही समजून घ्या. पुस्तकं कमी, पंखे जुने, वेळ गैरसोयीची, यातलं काहीच काउंटरवरच्या ताईंच्या हातात नसतं. त्यांचा पगार अनुदानावर, अनुदान येतं दोन हप्त्यांत, आणि तो पगार ऐकलात तर तुम्ही आवाज चढवणार नाही. बहुतेक वाचनालयं संस्था म्हणून नोंदलेली असतात, त्यांची वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा होते. नोटीस बोर्डावर लागते, कोणी वाचत नाही, गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग त्याच जागी आहेत त्या नऊ जणांत होते. तिथे या, तिथे बोला.

बाहेरगावी गेलात आणि नुसतं बघायला म्हणून वाचनालयात शिरलात तरी हेच. रत्नागिरीचं १८२८ चं, नगरचं १८३८ चं, नाशिकचं १८४० चं, पणजीचं कृष्णदास शामा ग्रंथालय तर मुळात १८३२ चं, अशा ठिकाणी जायला मलाही आवडतं. पण आधी काउंटरवर सांगायचं, "बाहेरून आलोय, बघू का?" आणि वाचणाऱ्या माणसांचे फोटो काढायचे नाहीत. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं भिलार, २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालंय, तिथे पुस्तकं लोकांच्या घरांत ठेवलीत. ते घर आहे हे विसरू नका. चपला बाहेर, वाचायला पैसे नाहीत, पुस्तक ज्या घरातलं त्याच घरात परत ठेवायचं, पुढच्या घरी नेऊन सोडायचं नाही. आणि स्ट्रॉबेरी खाल्लीत तर पुस्तक धरण्याआधी हात धुवा.

शेवटी बंद व्हायची वेळ. आमच्याकडे आठला बंद होतं, पावणेआठला मामा घंटा देतात. घंटा झाली की निवडलेलं पुस्तक घेऊन काउंटरवर या, घंटा झाली की निवडायला सुरुवात करू नका. आठला पाच कमी असताना घामाघूम होऊन येणारे आणि "फक्त बदलायचंय, दोन मिनिटं" म्हणून वीस मिनिटं घेणारे सगळ्यांना माहीत आहेत, त्यांची नावं मी लिहीत नाही. मामांना चौदा खिडक्या लावायच्या असतात, तुमच्या शेजारची तेवढी लावून दिलीत तर तेरा. आणि जाताना छत्री घ्याल ती आपलीच आहे ना बघा, सगळ्या काळ्याच असतात. माझी जूनमध्ये गेली आहे, दांड्याला हिरवा दोरा बांधलेला आहे.